दर मिनिटाला एक थेंब

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या जत्रेत आमच्या लहानपणी पत्र्याची एक बोट मिळत असे. पोटात तेलाची वात आणि मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या. वात पेटवून परातीतल्या पाण्यात सोडली की 'पुटपुट' आवाज करीत ती गोल गोल फिरू लागे. आत वाफ होते, ती नळीतले पाणी मागे ढकलते. वाफ निवली की पोकळी होऊन पाणी पुन्हा आत ओढले जाते. मग पुन्हा वाफ. एवढाच त्या बोटीचा संसार. माझा विषय मराठी, तरी ऑफ तासाला पाचवी-सहावीच्या वर्गात मी ही बोट कितीदा तरी चालवून दाखवली आहे. मुले हसतात, आणि त्यातला एखादा हमखास विचारतो, "सर, माणूस बसेल एवढी होते का हो अशी?"

होते. गेली चार वर्षे सुरतेत माझे थोरले साडू तशी एक बांधत आहेत. तिची जात मात्र वेगळी. तिला खरा बॉयलर आहे, खरे इंजिन आहे. त्या बोटीच्या निमित्ताने माझ्या डोक्यात एक प्रश्न शिरला, तो अजून बाहेर पडायला तयार नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

साडूंना घरीदारी सगळे दाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. खानदेशातून सुरतेला गेलेल्या हजारो घरांपैकी त्यांचे एक घर. तापीकाठची रेल्वे झाली तेव्हापासून आमच्याकडची माणसे उताराच्या पाण्यासारखी तिकडे वाहताहेत. नवापूरच्या स्टेशनात फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आहे. माणूस बाकावर या टोकाकडून त्या टोकाला सरकला की राज्य बदलते. दाजी असेच सरकले ते परत आले नाहीत. पांडेसऱ्यातल्या एका रंगाई-छपाईच्या मिलमध्ये त्यांनी पस्तीस वर्षे बॉयलर सांभाळला. सुरतेची साडी म्हटली की लोकांना रंग दिसतो. पण तो रंग कापडावर पक्का बसायला आणि कापड वाळायला वाफ लागते, हे कोणाला ठाऊक नसते. दाजींचे बॉयलर अटेंडंटचे सर्टिफिकेट देवघराच्या शेजारी फ्रेम करून लावलेले आहे.

निवृत्त झाल्यावर पहिला महिना ते झोपले. दुसरा महिना टीव्ही पाहिला. तिसऱ्या महिन्यात तीन मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा घरात आला, आणि आमच्या मेहुणीबाईंनी माझ्या पत्नीला फोन करून सांगितले, "यांचं काही खरं नाही."

डुमसच्या एका मच्छीमाराकडून त्यांनी सोळा फुटी जुनी होडी घेतली. उधन्यात एका मित्राचा लेथ आहे. तिथे रात्रपाळीनंतर बसून दोन इंची सिलिंडरचे इंजिन उतरवले. बॉयलर मात्र घराच्या ओट्यावर झाला. दहा इंच व्यास, अठरा इंच उंची, आत तांब्याच्या तीस नळ्या, प्रत्येक नळी वर आणि खाली चांदीच्या डाखाने बसवलेली. म्हणजे साठ सांधे. त्यावर दाबाचा काटा, पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, सेफ्टी व्हॉल्व्ह. जळण बाभळीच्या ढलप्यांचे.

"उपयोग काय?" हा प्रश्न घरात अर्थातच निघाला, आणि बराच काळ निघत राहिला. त्याला उत्तर द्यायच्या फंदात मी पडत नाही, कारण मला तो प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तरी सुरतेपुरते एवढे सांगतो. याच सुरतेतून लवजी नसरवानजी वाडिया हा जहाज बांधणारा पारशी सुतार १७३६ साली मुंबईला गेला आणि तिथल्या गोदीत त्याच्या पिढ्यांनी सागवानी जहाजे बांधली. त्याच वंशातला अर्देसर कर्सेटजी. या गृहस्थाने ऐन पंचविशीत, १८३३ च्या सुमारास, एक अश्वशक्तीचे छोटे वाफेचे इंजिन स्वतः घडवले, आणि 'इंडस' नावाची साठ टनी आगबोट पाण्यात सोडली. पुढच्याच वर्षी माझगावच्या आपल्या घरात गॅसचे दिवे लावले. त्या इंजिनाचा तेव्हा 'उपयोग' काय होता, हे त्याच्याही घरी कोणीतरी विचारलेच असेल. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतले. तो मान मिळवणारा तो पहिला हिंदी माणूस. दाजींना ही हकिकत मी मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "त्याच्या बॉयलरची चाचणी कोणी केली होती?"

मला ते माहीत नव्हते. पण माझा प्रश्न इथेच सुरू होतो.

आपल्याकडे १९२३ चा बॉयलर कायदा होता. त्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. मिलमधला बॉयलर ठरल्या मुदतीत सरकारी निरीक्षक येऊन तपासतो, दाखला देतो, दाखल्याशिवाय तो पेटवता येत नाही. पंचवीस लिटरपेक्षा लहान बॉयलर मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. दाजींच्या बॉयलरचे माप बावीस-तेवीस लिटर. मी थट्टेने म्हणालो, "म्हणजे कायद्यातून बरोबर निसटलात."

"निसटलो," ते म्हणाले. "मोठा केला असता तर ऑफिसात खेटे घालत बसलो असतो. लहान केला. आता इन्स्पेक्टर मीच."

आणि त्यांनी एक वही दाखवली. शंभर पानी, शाळकरी, वर मोराचे चित्र. प्रत्येक पानावर तारीख, काम, आणि उजवीकडे दोन रकाने: 'करणारा' आणि 'तपासणारा'. दोन्हीकडे सही दाजींचीच. माझ्यातल्या मुख्याध्यापकाला हसू आले. पस्तीस वर्षे दुसऱ्याच्या तपासणीखाली काम केलेल्या माणसाची ती सवय असेल, असे मला वाटले. पण पाने उलटताना दिसले की 'तपासणारा' हा 'करणाऱ्या'ला बऱ्याच वेळा नापास करीत होता.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सुरतेला गेलो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात सोडायची ठरली होती. नदीत परवानगीचे प्रकरण मोठे, म्हणून कामरेजकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचे मोठे शेततळे नक्की केले होते. टेम्पो सांगितला होता. दाजींचा नातू सहावीत आहे. त्याने वर्गातल्या चार मित्रांना बोलावून ठेवले होते आणि बोटीच्या नाकाडावर स्वतःच्या हाताने झेंडूची माळ बांधली होती. भाऊबीजेच्या संध्याकाळी बॉयलरची शेवटची चाचणी होती.

ही चाचणी वाफेने करीत नाहीत, थंड पाण्याने करतात. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरायचा, आतली हवा पूर्ण काढायची, आणि हातपंपाने दाब चढवायचा. चालवायचा दाब चौरस सेंटिमीटरला चार किलो, तर चाचणी दीडपट म्हणजे सहा किलोला. पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही. त्यामुळे एखादा सांधा सुटलाच तर पाणी गळते आणि दाब उतरतो, माणसाला इजा होत नाही. तेच वाफेला झाले तर गोष्ट वेगळी. पाण्याची वाफ मोकळ्या हवेत सोळाशेपट जागा मागते, आणि ती जागा ती विचारून घेत नाही.

काटा सहावर गेला. दाजी टॉर्च घेऊन खाली आडवे झाले. अर्धा तास ठेवायचे होते. वीस-एक मिनिटांनी त्यांनी मला बोलावले. मधल्या ओळीतल्या एका नळीच्या कडेला एक थेंब जमत होता. हळूहळू फुगला, लोंबला, पडला. आम्ही घड्याळ लावले. दर मिनिटाला एक थेंब. वर काट्याला या थेंबाचा पत्ताही नव्हता.

शेजारी पाहायला आले होते. त्यांतले एक सज्जन वाकून पाहत म्हणाले, "अरे, आटलुं तो चालशे!" मराठीत आपण 'चालेल' म्हणतो. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांना हे शब्द दोन्हीकडचे येतात, आणि दोन्हीकडे ते सारख्याच सहजतेने तोंडातून निघतात. खरे सांगायचे तर त्यांच्या आधी माझ्याच तोंडात तो शब्द आला होता. मी म्हणालो, "दाजी, सहा किलोला एक थेंब. उद्या तर चारच किलोला चालवायचाय. पोरं वाट बघताहेत. आणि कोण बघतंय?"

दाजी उठून बसले. हात पुसले. म्हणाले, "मास्तर, कदाचित काही होणार नाही. पण डाख आत कुठवर धरलाय ते मला दिसत नाही. हा थेंब तेवढं सांगतो, की धरलेला नाही."

मग त्यांनी वही काढली. 'करणारा' या रकान्यात सही केली. 'तपासणारा' या रकान्यात 'नापास' लिहिले आणि खाली पुन्हा सही केली. टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितले. नातू आत जाऊन पांघरूण घेऊन झोपला, जेवायलाही उठला नाही. मेहुणीबाई दाजींशी दोन दिवस बोलल्या नाहीत. दुरुस्ती म्हणजे तरी सोपी का? तो एक सांधा नीट करायचा तर सगळा बॉयलर पुन्हा लाल होईपर्यंत तापवायचा, आणि त्यात शेजारचे धड सांधे सुटायची भीती. वर चांदीचे भाव गेल्या दोन वर्षांत कुठच्या कुठे गेलेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दाजींचे वागणे मला अतिरेकी वाटत होते आणि त्याच वेळी माझ्या 'कोण बघतंय'ची लाजही वाटत होती.

वाफेच्या इतिहासात असे 'चालेल' पुष्कळ आहेत. १८०३ साली इंग्लंडात ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिकचे इंजिन फुटून चार माणसे मेली. ज्या पोराला ते सांभाळायला ठेवले होते तो मासे धरायला गेला होता आणि दुसऱ्याच कोणी इंजिन थांबवले, पण वाफेला वाट करून दिली नाही, असे ट्रेव्हिथिकचे म्हणणे. त्यानंतर त्याने बॉयलरवर एकाऐवजी दोन सेफ्टी व्हॉल्व्ह बसवले. कोणी पाहत नसेल तेव्हाही पाहणारे काहीतरी हवे, एवढे त्याला कळले. १८६५ साली अमेरिकेत मिसिसिपी नदीवर 'सुलताना' नावाच्या आगबोटीचे बॉयलर फुटले. पावणेचारशे उतारूंची बोट, आत दोन हजारांवर माणसे, बहुतेक कैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. अकराशेहून जास्त गेले. थोडेच दिवस आधी बॉयलरचा पत्रा फुगलेला दिसला होता. कारागिराने पत्रे बदलायला सांगितले होते; थांबायला वेळ नव्हता, म्हणून वरून ठिगळ लावून काम भागवले. त्या ठिगळानेच घात केला की गर्दीने, यावर मतभेद आहेत. पण ठिगळ लावले तेव्हा ते 'चालेल' असेच सर्वांना वाटले होते.

इतके लांब कशाला जा. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत मावतील त्यापेक्षा जास्त मुले होती, जीवरक्षक जाकिटे सगळ्यांना नव्हती. सहलीच्या परवानगीवर सह्या करणारा मी माणूस आहे. ती बातमी वाचल्यावर माझ्या टेबलावरची त्या वर्षीची सहलीची फाइल मी तीन दिवस उघडली नाही. तिथेही काठावर उभे राहून कोणीतरी 'चालेल' म्हटले असणारच. वाईट बुद्धीने कोणी म्हणत नाही. मुले उत्साहात असतात, उशीर झालेला असतो, आणि कोणी बघत नसते.

गीतेतल्या निष्काम कर्मावर मी वर्गात आणि वर्गाबाहेर भरपूर बोललो आहे. फळाची अपेक्षा सोडावी म्हणतात. आता वाटते, फळाची अपेक्षा सोडणे एक वेळ जमेल. तपासनीसाची सोडणे कठीण. आमची सगळी नोकरी तपासणीवर उभी. वार्षिक तपासणी आली की शाळेच्या भिंती पांढऱ्या होतात, दप्तर पूर्ण होते, ग्रंथालयाच्या नोंदवहीत वर्षभराची पुस्तके एका रात्रीत दिली-घेतली जातात. तपासणारा नसेल तेव्हा आपण कसे असतो, हे पाहायची वेळच येत नाही. निवृत्तीनंतर ती येते. दाजींवर आली. माझ्यावर दीड वर्षाने येणार आहे.

पण मी तेवढी वाट पाहू शकलो नाही, आणि ही गोष्ट लिहावी की नाही याचा बराच विचार करून लिहितो आहे. दहावीच्या विज्ञानाला प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात, ते शाळाच देते. आमच्या शाळेत (आमच्याच का म्हणा, पण मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही) हे गुण वर्षानुवर्षे प्रयोग न करताच दिले जात. सरसकट १८, हुशाराला १९. प्रयोगवह्या एकमेकांच्या पाहून लिहिलेल्या. गुणपत्रकावर शेवटची सही मुख्याध्यापकाची, म्हणजे नऊ वर्षे माझी. परीक्षक आणि परीक्षा घेणारा, दोन्ही रकान्यांत आम्हीच, आणि एकदाही कोणी कोणाला नापास केले नाही.

सुरतेहून आल्यावर मी प्रयोगशाळेचे कुलूप काढायला लावले. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी आली होती. आमच्या विज्ञानाच्या बाई मनापासून कामाला लागल्या. त्यांना इतकी वर्षे हेच हवे होते, पण विचारले कोणी नव्हते. डिसेंबर-जानेवारीत मुलांनी खरोखर प्रयोग केले. फेब्रुवारीत खरोखर परीक्षा झाली. कोणाला १९ मिळाले, कोणाला १२. जी सात-आठ मुले वारंवार बोलावूनही प्रयोगाला आली नाहीत त्यांना ६ आणि ७. मी सही केली. बऱ्याच वर्षांनी सही करताना मला बरे वाटले.

जूनमध्ये एक पालक आले. ते स्वतः लिंबायतमध्ये लूमवर काम करतात. मुलगा इथे आजीजवळ असतो. तो त्या सातांतला एक. बारावी-बीए करण्याऐवजी त्याला सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला जायचे होते, आणि ती जागा थोड्या गुणांनी हुकली. पालक भांडायला आले नव्हते. हातात टोपी धरून म्हणाले, "सर, बाकीच्या शाळेतल्या पोरांना अठरा-अठरा आहेत. आमच्या पोराचंच खरं का धरलं?"

माझ्यापाशी उत्तर होते. मुलगा प्रयोगाला आला नव्हता. पण का आला नव्हता, तर त्या दिवसांत आजी आजारी होती आणि तो कापूस वेचायला जात होता, हे मला तेव्हा कळले.

दाजींच्या थेंबाची किंमत दाजींनी मोजली. फार तर नातवाने एक रात्र उपाशी झोपून मोजली. माझ्या काटेकोरपणाची किंमत लूमवरच्या माणसाच्या मुलाने मोजली. सगळीकडे ठिगळ चालत असताना एका ठिकाणी ते नाकारले, तर नाकारणाऱ्याला समाधान मिळते आणि भुर्दंड तिसऱ्यालाच पडतो. हे माझ्या ध्यानात आधी आले नव्हते. याच्या उलट मनाशी असेही म्हणतो की त्या मुलाला इलेक्ट्रिशियनच व्हायचे होते. तो उद्या कोणाच्या तरी घरात तारा जोडणार, आणि भिंतीआड गेलेला तो जोड पुन्हा कोणी पाहणार नाही. त्याला आम्ही नऊ वर्षांच्या रिवाजाप्रमाणे १८ देऊन काय शिकवले असते? हे दोन्ही युक्तिवाद मला एकाच वेळी खरे वाटतात. त्या मुलाला दुपारच्या सुट्टीत बोलावून, आमच्या ओळखीच्या एका वायरमनकडे सध्या कामाला लावले आहे. पुढच्या वर्षी प्रवेशाचा अर्ज पुन्हा भरायचा. पण ही भरपाई झाली असे मी समजत नाही.

यंदा फेब्रुवारीत काय करायचे, हे अजून ठरलेले नाही. म्हणजे प्रयोग होणार, हे नक्की. जे येत नाहीत त्यांच्या घरी आधी जायचे, हेही नक्की. संस्थेच्या एका सभासदांनी मला चहाला बोलावून निकालाची टक्केवारी दाखवली आहे, आणि "सर, आता दीडच वर्ष राहिलं" असे आपुलकीने म्हटले आहे.

दाजींनी बॉयलर हिवाळाभर तसाच ठेवला. मग तेजाबाच्या पाण्यात बुडवून साफ केला, दोन बर्नर लावून पुन्हा तापवला, चांदी पुन्हा वितळवली. गुढीपाडव्याला दुसरी चाचणी झाली. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"मधली नळी कोरडी आहे," ते म्हणाले.

मी म्हटले, "वा!"

"कडेची गळते आता. चार मिनिटांनी एक."

"मग?"

"नातवाने लिहिलं वहीत. 'तपासणारा'त आता त्याची सही असते. त्यानेच नापास केला." मागून पोराचा आवाज येत होता, ऑगस्टपर्यंत होईल का, असे काहीतरी तो विचारत होता. दाजी त्याला म्हणाले, पावसाळ्यात तांबं नीट सुकत नाही, दसऱ्यानंतर बघू.

परवा सुरतेहून पार्सल आले. आत जत्रेतली पत्र्याची बोट होती, आणि चिठ्ठीत नातवाने लिहिले होते की ही त्याने पाण्यात सोडून तपासली आहे, गळत नाही.